चिंतामणी रंगाचा ब्लाउजपीस

"भाऊ, जरा उजेडात नेऊन बघू का?"

दिवाळी जवळ आली की हे वाक्य मला अजून ऐकू येतं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात, तरी ऐकू येतं. वाशीत आमचं मॅचिंग सेंटर होतं. म्हणजे काय, ते हल्ली समजावून सांगावं लागतं. माझ्या भाचीने तर विचारलं, "मामा, म्हणजे तुम्ही लग्नं जुळवायचात?" म्हटलं, जवळजवळ तेच. साडीला ब्लाउज शोधून द्यायचो. फरक एवढाच, की आमच्याकडे जुळलं नाही तर बदलून मिळायचं.

मी मूळचा रसायनशास्त्राचा पदवीधर. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होतो. कापडाचे तुकडे रंगवायचे आणि नमुन्याशी ताडून बघायचे, हे काम. ती कंपनी गुजरातेत गेली आणि मी घरी आलो. तेव्हा माझी बायको सुनंदा म्हणाली, "इतकी वर्षं साहेबांना शेड जुळवून दिल्यात, आता बायकांना द्या." माझी समजूत, की हे आपल्याला सहज जमेल. शास्त्र येत होतं ना! पहिल्याच आठवड्यात एका बाईंना मी 'चिंतामणी' म्हणून जो तुकडा काढून दिला, तो बघून त्या सुनंदाला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडे रंग कळणारं कोणी आहे का?"

तेव्हा आमच्या भागात नवनव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि एकेका जिन्यात गिरगाव, सातारा, रत्नागिरी असा सगळा महाराष्ट्र राहायला आला होता. प्रत्येकीने आपापले रंग माहेराहून आणलेले. अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, अंजिरी इथपर्यंत ठीक होतं, पण चिंतामणीवर दोन सख्ख्या जावांचं एकमत होत नसे. एक म्हणे निळ्यात किंचित जांभळं हवं, दुसरी म्हणे मोरपंखीच्या वाटेवरचं हवं. कंपनीत आम्ही रंगांना आकडे द्यायचो. आकड्यावर भांडण होत नाही. पण आकड्याची साडी कोणी नेसतही नाही.

आता थोडं धंद्याचं सांगतो. भिंतभर फळ्या आणि त्यांवर टू-बाय-टूच्या, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे ताके, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. एकट्या लालाच्याच दीड फळ्या. बाई साडी घेऊन येते, मी चार ताके काढतो, साडीच्या काठावर एकेकाचं टोक ठेवतो. एक बसतं. बाई मान डोलावते आणि मग ताका, साडी सगळं उचलून फुटपाथवर जाते, कारण तिला दुकानातल्या ट्यूबलाइटवर भरवसा नसतो. नवे दुकानदार याने चिडतात. मी कधी चिडलो नाही, कारण बाईचं शंभर टक्के बरोबर असतं.

डोळ्याच्या मागच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. ढोबळ मानाने एक लाल उजेडाला जास्त दाद देते, एक हिरव्याला, एक निळ्याला. तिघी आपापला कौल देतात आणि त्या तीन कौलांवरून मेंदू रंग ठरवतो. उजेडात खरोखर काय काय मिसळलंय, ते डोळ्याला कळतच नाही. तबला आणि पेटी एकदम वाजली तरी कानाला दोन्ही वेगवेगळी ऐकू येतात. डोळ्याला ती सोय नाही, त्याला सगळं मिळून एकच काहीतरी दिसतं. त्यामुळे होतं काय, की दोन वेगळ्या रसायनांनी रंगवलेली दोन कापडं ट्यूबलाइटखाली अगदी जुळ्या बहिणी दिसतात आणि उन्हात नेली की एकमेकींना ओळखही देत नाहीत. कंपनीत याला भलंमोठं इंग्रजी नाव होतं. दुकानात याला 'उजेडात नेऊन बघते हं' म्हणत.

डोळ्याच्या आणखीही खोड्या आहेत. लाल शालू बराच वेळ बघितला की पुढचं पांढरं कापड हिरवट दिसतं, म्हणून मी मध्ये थोडा वेळ काढायला बायकांना पाणी विचारायचो. त्यांना वाटे माणूस फार अगत्यशील आहे. आणि रंग कोणाच्याही लक्षात राहत नाही. "साडी नाही आणली भाऊ, पण रंग अगदी डोळ्यांसमोर आहे," असं म्हणणाऱ्या बाईला मी हात जोडायचो. आठवणीतला रंग खऱ्यापेक्षा नेहमी गडद निघतो. जे जे आवडलेलं असतं, ते आठवणीत थोडं जास्त रंगवून ठेवायची माणसाला सवयच असते. मीही आता तेच करतोय म्हणा.

तर अशा त्या दिवसांत एका दुपारी यमुनाबाय आली.

नेरूळजवळच्या, खाडीकाठच्या सारसोळ्याची कोळीण. साठीची असेल. कानात सोन्याच्या जाड वेढण्या, केसांत अबोलीची वेणी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला झेरॉक्सवालाही वळून बघे. मागोमाग तिची सून रंजना, खाली मान घालून. यमुनाबायने प्लास्टिकच्या पिशवीतून एक रेशमी साडी काढली आणि काउंटरवर आपटली.

"याला बिलाऊज दे."

सुंदर साडी होती. जुनी, पण नीट ठेवलेली. तिच्या नवऱ्याने पहिला मुलगा झाला तेव्हा मुंबईहून आणलेली. नवरा आता नव्हता. मी वरच्या फळीवरून निळ्यातले तीन ताके काढले आणि मधला साडीवर ठेवला. इतका सुरेख बसला की मलाच माझं कौतुक वाटलं.

"ह्ये काय देतंस? यो निला हाय."

"मावशी, साडी निळीच आहे ना."

"व्हती. चिंतामनी व्हती. आता हिरवी झालीय, दिसत नाय तुना? हिरवा दे."

मी रंजनाकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. "भाऊ, तुमीच सांगा आईंना. त्या म्हणतात मी सोड्यात धुतली. मी हातसुद्धा नाही लावला हो साडीला."

"मंग पेटीत ठेवल्या ठेवल्या हिरवी झाली?" यमुनाबाय म्हणाली. "बारक्याचं लगीन हाय. हलदीला मी हीच सारी नेसनार, वर हिरवा बिलाऊज घालनार. सगल्या कोलीवाऱ्याला बगूं दे, सुनंनं काय केलंय."

म्हणजे मामला ब्लाउजपीसचा नव्हताच. एका मुलीची सगळ्या गावासमोर अब्रू जायची होती आणि त्यासाठी लागणारं कापड माझ्याकडून जाणार होतं.

मी साडी फुटपाथवर नेली. दुपारचं ऊन होतं. सुनंदाही बाहेर आली. साडी निळीच होती, नितळ, कुठे डाग नाही की विटलेला पट्टा नाही. तसं आम्ही दोघांनी सांगितलं.

"तुमी समदी तिच्याच बाजूची," असं म्हणून यमुनाबाय पायरीवर बसली. मग थोड्या हळू आवाजात म्हणाली, "आमचा मानूस सारी घेऊन आला तवां म्हनाला, यमुने, सकालच्या खारीचा रंग हाय बग. आन तशीच व्हती खारी. होरी काढायला जायचो तवां पानी असा निला. आता ती बी हिरवी झाली, चिखलावानी. तिकडं कंपन्यांनी खारी नासवली, इकडं हिनं सारी नासवली."

तिच्या बोलीत ड चा र होतो. साडीची सारी आणि खाडीची खारी. दोन्ही तिच्या तोंडून एकाच सुरात ऐकताना माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. साडी तर मला निळी दिसत होती, मग हिला हिरवी का?

मी आतून चार तुकडे आणून पायरीवर तिच्यापुढे मांडले. पांढरा, फिका पिवळा, काळा आणि गडद निळा. "मावशी, यातला पांढरा द्या बघू."

तिने पिवळा दिला.

"आणि काळा?"

"दोन काले हायत. कनचा देऊं?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. रंजना पुढे झाली, तिला मी खुणेने थांबवलं.

डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं होत जातं. सगळ्यांचंच होतं. मोतीबिंदू धरला की जास्तच. पिवळं भिंग निळा उजेड आत सोडत नाही. पांढरं आणि पिवळं मग एकच दिसायला लागतं, गडद निळं काळ्यात जमा होतं, आणि निळी साडी हिरवट होते. हे इतक्या सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. डोळा बदललाय असं वाटतच नाही, जग बदललंय असं वाटतं.

पण हे यमुनाबायला कसं सांगायचं? मी शास्त्रोक्त सुरुवात केली. भिंग, पडदा, तीन प्रकारच्या पेशी. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माजा डोला खराब हाय म्हंतंस? मी पापलेटाच्या गालाकडं लांबनं बगून सांगते ताजा का शिला. तू सांगशील?"

मला पापलेट आणि हलवा यातलाही फरक कळत नाही.

शेजारच्या दुकानात गणपतीच्या सजावटीचं सामान मिळायचं. मी तिथून पिवळा जिलेटीन कागद आणला, दोन घड्या केल्या आणि माझ्या चष्म्यावर चिकटपट्टीने लावला. त्या अवतारात मी साडीकडे बघितलं. शेवाळी हिरवी. अगदी चिखलाच्या खाडीसारखी. चष्मा तसाच ठेवून मी पुढच्या एका गिऱ्हाइकाला फॉल दाखवले. त्या बाई फॉल न घेताच गेल्या. गंमत म्हणजे थोड्या वेळाने मला पिवळं काही दिसेनासंच झालं. मेंदू हिशेब लावून घेतो, पिवळ्याला पांढरं म्हणायला लागतो आणि आपलं सगळं छान चाललंय असं सांगतो. निळं मात्र त्याला काही केल्या परत आणता येत नाही.

तो चष्मा मी रंजनाला दिला. तिने तो डोळ्यांवर धरून साडीकडे बघितलं, मग सासूकडे बघितलं. बराच वेळ धरून होती.

"आईंना असं दिसतं?"

"साधारण असंच."

"मग त्या खरंच बोलत होत्या," ती म्हणाली. इतके दिवस सासू मुद्दाम छळतेय असं तिला वाटत असणार. चष्मा उतरवून ती पायरीवर यमुनाबायच्या शेजारी जाऊन बसली. "आई, तुमाला खरंच हिरवी दिसते ना ओ? मला वाटलं तुमी उगाच बोलता."

"उगाच कशाला बोलीन? मना काय उद्योग नाय?"

"तसं नाही आई. डोळा दाखवून येऊ या आपण. मी येते बरोबर."

"डोल्याला काय बी झालेलं नाय."

इथे माझं शास्त्र संपलं होतं. यमुनाबाय साडीची घडी घालायला लागली होती. आता ती जाणार, हळदीला हिरवा ब्लाउज घालणार आणि रंजनाचं व्हायचं ते होणार. घडी घालता घालता ती एकदम थांबली.

"ए भावा. मंग खारीचा काय?"

"म्हणजे?"

"सारी निली हाय आन मनाच हिरवी दिसते, आसं म्हंतंस ना तू? मंग खारी बी निलीच असंल. मनाच हिरवी दिसते. व्हय का नाय?"

तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं, तो रंग माझ्या कुठल्याही फळीवर नव्हता. मी ताका गुंडाळायला घेतला. खाडीच्या कडेने पामबीच रस्त्याचा भराव पडत होता, नाल्यांमधून काय वाहतं ते मी कंपनीत असताना रोज बघितलं होतं, आणि खाडीचं पाणी मी दर रविवारी मुलांना घेऊन बघायला जायचो. चष्मा असला तरी रंग मला तेव्हा नीट दिसायचे. सुनंदा माझ्याकडे बघत होती, बोलू नका म्हणून.

"ऑपरेशन करूंया," यमुनाबाय सुनेला म्हणाली. "कवां जायाचा?"

तेव्हा मोतीबिंदू पिकायची वाट बघायची पद्धत होती. कच्चा असला की डॉक्टर परत पाठवत. रंजनाने मागाहून येऊन सांगितलं, की उजवा पिकलाय, तो करणार, डावा अजून कच्चा आहे, वर्ष-दोन वर्षं थांबा म्हणाले. त्यावर यमुनाबायने डॉक्टरला विचारलं होतं, "डोला हाय का हापूस आंबा?" लग्न पुढच्या मुहूर्तावर ढकललं. धाकटा नवरदेव चिडला होता म्हणे. यमुनाबाय त्याला म्हणाली, "बायको कुटं पलून चालली नाय. मना बगूं तरी दे तिचा रंग."

ते दिवस मी यमुनाबायचीच वाट बघत काढले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. साडीची नव्हे. साडीचं मला ठाऊक होतं.

ती आली ती काळा चष्मा लावून, सिनेमातल्या नायिकेसारखी. रंजना बरोबर होतीच. यमुनाबायने साडी काउंटरवर पसरली, चष्मा काढला आणि डावा डोळा हाताने झाकला.

"निली," ती म्हणाली.

मग उजवा झाकला. "हिरवी."

पुन्हा डावा झाकला. "निली." पुन्हा उजवा. दुकानातल्या दोन बायका आपली खरेदी विसरून बघत राहिल्या. कितीतरी वेळ तिचा हा खेळ चालला होता. शेवटी रंजना म्हणाली, "आई, आता माझ्याकडे कोणत्या डोळ्याने बघायचं ते पण ठरवा." यमुनाबाय इतकी मोठ्याने हसली, की पलीकडच्या गल्लीतला झेरॉक्सवाला बाहेर आला.

मी तो निळा ताका काढला. तिने तो स्वतः उचलला, फुटपाथवर नेला, एका डोळ्याने तपासला आणि परत आणून ठेवला. "यो बरूबर. चिंतामनी. दोन दे."

"दोन कशाला मावशी? एकच साडी आहे ना?"

"एक हिला." सुनेकडे न बघताच ती म्हणाली. रंजनाने मान दुसरीकडे वळवली. मी कात्री चालवली. टू-बाय-टू कापताना एक कर्रर्र आवाज येतो. तोही आता कुठे ऐकू येत नाही. बायका शिवलेले ब्लाउज घेतात, तेही फोनवर फोटो बघून. फोनवर रंग काय दिसतो आणि घरी काय येतं, याची चौकशी कोणी करत नाही. कोणी काही उजेडात नेऊन बघतच नाही. माझाही डोळा आता पिवळट व्हायला लागलाय, असं डॉक्टर परवा म्हणाले. म्हणजे मी जो चिंतामणी आता आठवतोय, तो खरा किती आणि आठवणीने गडद केलेला किती, देव जाणे.

तुकड्यांची घडी घालताना मला राहवलं नाही. सुनंदाने काउंटरखालून माझ्या पायावर पाय दिला, तरी मी विचारलं, "मावशी, खाडीवर गेला होतात का?"

"गेल्ती." ती तुकडे पिशवीत ठेवत होती. "पयाटेच गेल्ती. आमच्या बंदरावर. होरी लागायची तिथं उबी राह्यली. डावा डोला झाकून बगितली चांगली."

रंजना खाली बघत होती. बाहेर बसथांब्यावर कंडक्टर नेरूळ, नेरूळ करत ओरडत होता.

यमुनाबायने काळा चष्मा चढवला, साडीची पिशवी छातीशी धरली आणि पायरी उतरता उतरता मला म्हणाली, "यो दुसरा डोला अजून कच्चा हाय ना भावा. तो बी झाला म्हंजे मंग नीट दिसंल."

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. तीन प्रकारच्या पेशी, भिंग, पडदा, सगळं मला पाठ होतं. "हो मावशी," मी म्हणालो, "दोन्ही डोळे लागतात त्याला. एका डोळ्याने नाही कळत."